द्राक्षातले औषधांचे अंश कसे तपासावेत: बागेतल्या वहीपासून लॅबच्या रिपोर्टापर्यंत

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीमागे लॅबचा रिपोर्ट असतो. त्याच शिवारातून वाशीला, गुलटेकडीला किंवा कोलकात्याला जाणाऱ्या क्रेटमागे बहुतेक वेळा काहीच नसतं. देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी जेमतेम दहावा हिस्सा बाहेर जातो. बाकीची आपण खातो, आपली मुलं खातात. हा लेख त्या बाकीच्या द्राक्षांसाठी आहे. शेतकरी गट, शेतकरी कंपन्या, सोसायट्यांत थेट माल देणारे बागायतदार आणि आपल्या दुकानात काय विकतो याची फिकीर असलेले फळविक्रेते या सगळ्यांना रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी स्वतः उभी करता येते. निर्यातीसाठी लागणारं ज्ञान, लॅब, मशिनं सगळं आपल्याकडे गेली वीस वर्षं आहे. ते आपल्या घरच्या ताटासाठी वापरायचं, एवढंच बाकी आहे.

## आधी मोजमाप समजून घ्या

रेसिड्यू मोजतात तो एक किलो मालात किती मिलिग्रॅम औषध शिल्लक आहे, असा. ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम. दहा टनांचे दहा ट्रक भरून द्राक्षं आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध! टाकीच्या तळाशी राहिलेलं कालचं औषध किंवा शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवारा रिपोर्टात का दिसतो, ते या हिशोबावरून लक्षात येईल.

एमआरएल म्हणजे मालात कायद्याने चालणारी अंशाची कमाल मर्यादा. लेबलवर सांगितलेला डोस आणि सांगितलेलं अंतर पाळल्यावर शेतात किती अंश उरतो, हे चाचण्यांतून पाहतात. मग रोजच्या आहारातून तो पोटात गेला तर चालेल का, हे तपासतात आणि मर्यादा ठरवतात. त्यामुळे एमआरएल ओलांडली म्हणजे खाणारा लगेच आजारी पडेल असं नाही. पण बहुधा कुठेतरी लेबल मोडलं गेलंय, याची ती खूण असते. आरोग्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. १५ किलो वजनाच्या मुलाने अर्धा किलो द्राक्षं खाल्ली आणि त्यांत ०.०६ मि.ग्रॅ. प्रति किलो अंश असेल, तर पोटात गेलं ०.०३ मि.ग्रॅ., म्हणजे शरीराच्या दर किलोमागे ०.००२ मि.ग्रॅ. हा आकडा त्या औषधाच्या एका दिवसात चालणाऱ्या कमाल मात्रेशी, म्हणजे एआरएफडीशी ताडून पाहायचा. मोठ्या माणसासाठी किरकोळ वाटणारा अंश लहान मुलासाठी तसा नसतो, कारण ते आपल्या वजनाच्या मानाने फळ जास्त खातं.

भारतात या मर्यादा एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, ठरवते. ज्या औषधाला त्या पिकावर मर्यादाच ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ लागू होते. युरोपचा सर्वसाधारण नियमही हाच. मसाल्यांच्या बाबतीत मात्र भारतात एप्रिल २०२४ च्या आदेशाने काही परिस्थितींत ०.१ पर्यंत सूट दिली गेली. मला ती पटलेली नाही. औषध तेच असलं तरी भारताची, कोडेक्सची (म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) आणि युरोपची मर्यादा वेगवेगळी असू शकते. म्हणून कोणत्या मर्यादेवर माल तोलायचा हे गटाने हंगामाच्या सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवावं. माझं मत विचाराल तर तिन्हींतली सगळ्यांत कडक मर्यादा धरा.

## २०१० साली काय झालं, ते प्रत्येक गटाला माहीत हवं

२००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि अॅसिफेटचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यातून अपेडाचा, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, रेसिड्यू मॉनिटरिंग प्लॅन आला. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे ग्रेपनेट आलं: बागेची नोंदणी, नमुना, रिपोर्ट आणि पेटी एका साखळीत बांधली गेली. शेतमालासाठी अशी व्यवस्था देशात आधी नव्हती.

आणि तरीही २०१० मध्ये रिपोर्टात पास झालेली द्राक्षं युरोपात अडकली. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी. हे ना कीटकनाशक, ना बुरशीनाशक. वेलीची शाकीय वाढ रोखायला वापरायचं संजीवक. तिकडची मर्यादा होती ०.०५, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं. यादीत नाही म्हणून कोणी शोधलं नाही, आणि शोधलं नाही म्हणून सापडलं नाही. बागायतदारांच्या लेखी तो माल स्वच्छ होता.

यात रसायनशास्त्राचाही भाग आहे. शेकडो औषधं एका झटक्यात तपासणाऱ्या पद्धतीत द्राक्षाच्या लगद्यातून औषध ओढून घ्यायला इथाइल अॅसिटेट किंवा अॅसिटोनायट्राइल वापरतात. सीसीसीसारखी पाण्यात पटकन विरघळणारी, विद्युतभारित संयुगं त्या द्रावणात येतच नाहीत, ती पाण्याच्या भागात मागे राहतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लावावी लागते. म्हणजे ‘मल्टी रेसिड्यू’चा पाच-सहा पानी रिपोर्ट हातात असूनही काही औषधांबद्दल तो पूर्ण मुका असतो.

द्राक्षाच्या बाबतीत अशी नावं लक्षात ठेवा. मँकोझेब, प्रोपिनेब, मेटिराम ही डायथायोकार्बामेट गटातली बुरशीनाशकं मल्टी रेसिड्यूत येत नाहीत. त्यांच्यापासून निघणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजून त्यांचा अंश काढतात. पानगळीसाठी किंवा रंगासाठी वापरलेलं इथेफॉन वेगळं तपासावं लागतं. डाऊनी या बुरशीच्या रोगावर मारलेलं फॉसेटिल आणि फॉस्फरस अॅसिडचे क्षार वेगळे. तणनाशकांतलं ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट वेगळं. तुमच्या गटात यांपैकी काही वापरलं गेलं असेल तर लॅबला नाव घेऊन सांगा आणि त्याचे पैसे वेगळे भरा. ‘सगळं तपासून द्या’ असं लॅबला सांगून चालत नाही. तशी कुठलीही एक टेस्ट जगात नाही.

## वही हीच खरी तपासणी

लॅबमध्ये कळतं ते झालेल्या गोष्टीबद्दल. रेसिड्यू ठरतो त्याच्या साठ-सत्तर दिवस आधी, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांत. म्हणून गटाचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक प्लॉटची फवारणीची वही. ती सगळेच ठेवतात, पण बहुतेक वह्यांत फक्त दुकानातलं नाव असतं. त्याचा रेसिड्यूसाठी उपयोग शून्य. नोंद अशी हवी:

‘१४ डिसेंबर, प्लॉट २, थॉमसन, छाटणीनंतर ६२ वा दिवस. कारण: भुरी रोग, ओलांड्याजवळच्या घडांवर. औषधाचं व्यापारी नाव, त्यातला सक्रिय घटक आणि त्याची टक्केवारी, बॅच नंबर. एकरी डोस, एकरी पाणी. फवारणीचा ब्लोअर कोणाचा, आधी त्यात काय होतं, टाकी किती वेळा धुतली. पीएचआय किती दिवस, कोणत्या तारखेला संपतो. बिल नंबर.’

एका नोंदीला चार मिनिटं लागतात. फवारणी करणाऱ्यानेच, त्याच संध्याकाळी लिहावी. आठवड्याने आठवून लिहिलेली वही रिपोर्ट बिघडल्यावर काहीच सांगत नाही.

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं कमीत कमी अंतर. काही औषधांना ते आठवडाभर असतं, काहींना दोन महिन्यांच्या आसपास. द्राक्षासाठी कोणती औषधं लेबल क्लेममध्ये, म्हणजे अधिकृत मान्यतेत, आहेत आणि कोणाचा पीएचआय किती, याची यादी दर हंगामाला निघते. बागायतदार तिला ‘अॅनेक्श्चर फाइव्ह’ म्हणून ओळखतात. निर्यात करत नसाल तरी ती यादी मिळवून गोदामाच्या भिंतीवर लावा, आणि दरवर्षी नवी लावा. मागच्या वर्षी यादीत असलेलं औषध या वर्षी गेलेलं असू शकतं.

आता थोडं गणित, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. समजा एखाद्या औषधाचा अंश फवारल्यादिवशी मण्यांवर ०.८ आहे आणि दर पाच दिवसांनी तो निम्मा होतो. दहाव्या दिवशी ०.२, पंधराव्या दिवशी ०.१ आणि विसाव्या दिवशी ०.०५. मर्यादा ०.०५ असेल तर वीस दिवसांत काम होतं. पण भुरी हटली नाही म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा तेच औषध मारलं, तर त्या दिवशी शिल्लक ०.२ वर नवीन ०.८ मिळून १.० झालं. तिथून वीस दिवस मोजले तरी ०.०६ उरतं, म्हणजे मर्यादेच्या वर. शेतकऱ्याने शेवटच्या फवारणीपासून पीएचआय बरोबर मोजलेला असतो आणि तरी रिपोर्ट जातो. म्हणून वहीत एका सक्रिय घटकाच्या फवारण्या हंगामात किती झाल्या, याचा वेगळा रकाना करा आणि लेबलवर दिलेल्या संख्येला थांबा.

दुसरी गोष्ट मण्याच्या वाढीची. मणी वाढत असताना औषध पातळ होत जातं, कारण तेवढाच अंश जास्त वजनात वाटला जातो. काढणी जवळ आली की वाढ मंदावते आणि हा फायदा जवळपास संपतो. थंडी कडक असेल तर औषध तुटायलाही वेळ लागतो. म्हणून शेवटच्या महिन्यात रासायनिक औषधाला हात लावायचाच नाही, या नियमाला मी धरून राहतो. भुरीसाठी गंधक आणि अँपेलोमायसेस, बॅसिलस, ट्रायकोडर्मा यांसारखे जैविक पर्याय त्या काळासाठीच आहेत. फक्त घेताना जपा. काही ‘जैविक’ बाटल्यांमध्ये रासायनिक औषध मिसळलेलं निघतं आणि ते लेबलवर कुठेच नसतं. रिझल्ट फारच झटपट आला तर शंका घ्या. नवीन जैविक उत्पादन पूर्ण बागेवर मारण्याआधी त्याचीच एक बाटली लॅबला पाठवा. बिल पक्कं घ्या, आणि हंगाम संपेपर्यंत प्रत्येक बॅचची एक सीलबंद बाटली जपून ठेवा.

## नमुना काढणं: इथे घाई नको

लॅबमध्ये लाखो-कोटींची मशिनं असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचणारे मणी चुकीचे असतील तर उत्तरही चुकीचंच येणार. कोडेक्सच्या नियमाप्रमाणे द्राक्षाचा नमुना किमान २ किलो आणि किमान ५ घडांचा हवा. हे किमान झालं. एक एकराच्या प्लॉटसाठी मी पंधरा-वीस घड घेण्याच्या बाजूने आहे.

काढणीच्या आठ-दहा दिवस आधी नमुना घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर निर्णयाला वेळ राहील. नमुना दिल्यानंतर फवारणी पूर्ण बंद. सकाळी दव सुकल्यावर, हातमोजे घालून, प्लॉटमधून नागमोडी चाला. ओळीच्या दोन्ही बाजूंचे घड घ्या, कारण ब्लोअरचा मारा दोन्हीकडे सारखा बसत नाही. काही घड पानांच्या सावलीतले, काही उन्हातले. मेरेकडच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीतले घड या नमुन्यात मिसळू नका. ट्रॅक्टर वळतो तिथे फवारा दुहेरी पडतो आणि शेजाऱ्याचं औषधही तिथेच येतं. त्या ओळींचा हवा तर वेगळा नमुना काढा. शेजारच्या बागेतून अंश येतोय का, हे त्यातून कळेल. त्या ओळींचा मालही वेगळा तोडा.

पुसायचं नाही, धुवायचं नाही, खराब मणी काढून टाकायचे नाहीत. घड स्वच्छ, नव्या पिशवीत. जुनी खताची गोणी किंवा औषधाच्या खोलीत पडलेलं क्रेट कधीच नाही. पिशवीवर फक्त कोड नंबर; नाव नको, म्हणजे लॅबमध्ये काम करणाऱ्यालाही माल कोणाचा ते कळत नाही. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पॅडसोबत, त्याच दिवशी लॅबला रवाना. एक सारखाच नमुना गटाच्या फ्रीजरमध्ये सीलबंद ठेवा. उद्या वाद झाला तर तोच कामाला येतो. मँकोझेब वगैरेंच्या तपासणीसाठी लॅबला आठवण द्या की तो भाग लगदा न करता घ्यायचा. मणी दळले की ती औषधं रसात झपाट्याने तुटतात आणि आकडा खोटा कमी येतो.

नमुना शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतून काढू नये. गटातल्या दुसऱ्याने काढावा. इथे विश्वास-अविश्वासाचा प्रश्न येतो असं वाटून काही लोक नाराज होतात. पण ज्याचा माल आहे त्याचा हात नकळत चांगल्या घडाकडे जातो, आणि चांगला घड बहुधा औषध नीट बसलेला घड असतो.

एक मोठी चूक खर्च वाचवण्याच्या नादात होते: दहा शेतकऱ्यांचे घड एकत्र करून एक नमुना. समजा एकाच्या मालात ०.२० आहे, मर्यादा ०.०५ आणि बाकी नऊ जणांचा माल कोरा. एकत्र नमुन्यात येईल ०.०२. पूर्ण गट पास! आणि मर्यादेच्या चौपट अंश असलेला माल बिनधास्त बाजारात जातो. खर्च वाचवायचाच असेल तर नमुने एकत्र करू नका, प्लॉट निवडा. वही पाहून जोखमीचे प्लॉट ओळखा: जिथे डाऊनीचा जोर होता, जिथे पीएचआय काठावर आहे, जिथे नवीन औषध वापरलं, जिथे वही अर्धवट आहे. ते सगळे तपासा. उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही निवडा.

चिठ्ठ्यांचे किती? दहातला एक प्लॉट सदोष असेल आणि तुम्ही फक्त ५ तपासले, तर एकही सदोष प्लॉट न सापडण्याची शक्यता ५९ टक्के आहे. असा एकतरी प्लॉट ९५ टक्के खात्रीने सापडायला २९ नमुने लागतात. शंभरातला एक सदोष असेल तर २९९. म्हणून ‘आम्ही पाच नमुने तपासले, सगळे पास’ या वाक्यावर कोणीही, विशेषतः माल घेणाऱ्या मोठ्या दुकानदाराने, समाधान मानू नये. एका हंगामात २९ नमुने परवडत नसतील तर दोन हंगामांत करा, पण आकडा विसरू नका.

## लॅब निवडताना

लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे, एवढं पुरत नाही. मान्यता कशासाठी आहे, ते पाहायचं. प्रत्येक लॅबची मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिथे द्राक्ष किंवा फळं हा प्रकार आहे का, आणि तुमच्या वहीतली औषधं त्या यादीत आहेत का, हे एकेक करून ताडा. पाण्याच्या तपासणीसाठी मान्यता असलेल्या लॅबचा शिक्का द्राक्षाच्या रिपोर्टाला काही वजन देत नाही.

मग तीन प्रश्न विचारा. प्रत्येक औषधासाठी तुमची एलओक्यू किती? म्हणजे किती कमी अंश तुम्ही खात्रीने मोजू शकता? एलओक्यू ०.०५ असेल आणि मर्यादा ०.०१, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काही अर्थ नाही. दुसरा, रिकव्हरी किती मिळते? लॅब कोऱ्या द्राक्षात मोजून औषध मिसळते आणि किती परत मिळालं ते पाहते. ७० ते १२० टक्क्यांच्या आत हवं. तिसरा, इतर लॅबसोबतच्या प्रावीण्य चाचण्यांत तुम्ही भाग घेता का? चांगली लॅब या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलून बोलते.

## रिपोर्ट वाचताना

सगळेजण आधी ‘पास’ की ‘फेल’ ते बघतात. मी आधी तपासलेल्या औषधांची यादी बघतो आणि शेजारी वही ठेवतो. वहीत असलेलं प्रत्येक औषध यादीत आहे का? नसेल तर त्या औषधापुरता रिपोर्ट आलाच नाही असं समजायचं.

दुसरं, आकड्यासोबतची अनिश्चितता. ती साधारण अधिक-उणे ५० टक्के धरतात. रिपोर्टात ०.०४ आलं आणि मर्यादा ०.०५ असेल तर खरा आकडा ०.०२ ते ०.०६ यांत कुठेही असू शकतो. कायदा राबवणारा अधिकारी संशयाचा फायदा विक्रेत्याला देतो, वजा करून बघतो. तुम्ही मात्र खाणाऱ्याच्या बाजूने उभे असाल तर अधिक करून बघा. मर्यादेच्या निम्म्यापेक्षा जास्त आलेला प्रत्येक आकडा गटाच्या बैठकीत यायला हवा.

तिसरं, न फवारलेल्या औषधाचं नाव. ‘मी हे मारलंच नाही’ हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. थायोफेनेट मिथाइल फवारलं तर त्याचं मण्यात कार्बेन्डाझिम होतं. अॅसिफेटचं मेथामिडोफॉस होतं, डायमेथोएटचं ओमेथोएट. फॉस्फरस अॅसिडचे क्षार दिले तर रिपोर्टात ते फॉसेटिलच्या खात्यात दिसू शकतात. म्हणून शेतकऱ्यावर खोटेपणाचा शिक्का मारण्याआधी हे मूळ नातं तपासा. त्यानंतर टाकी, शेजारची बाग आणि ‘जैविक’ बाटली.

चौथं, एकच घड आणि सात-आठ औषधं, प्रत्येक मर्यादेच्या आत. कायद्याने हा माल पास आहे. मला तो नको वाटतो. एकाच प्रकारे शरीरावर काम करणारी औषधं एकत्र आली की त्यांचा भार मिळून पडतो, आणि बहुतेक मर्यादा एकेका औषधासाठीच आखलेल्या आहेत. चारपेक्षा जास्त सक्रिय घटक सापडले तर पुढच्या वर्षी त्या प्लॉटचं शेड्यूल बदलायचं, असा नियम गटाने स्वतःसाठी करावा.

## रिपोर्ट फेल आला तर

काढणी थांबवा. लॅबला तोच नमुना पुन्हा तपासायला सांगा. तोवर वही उघडून बसा. औषध कोणतं, निम्मं व्हायला किती दिवस लागतात, आजचा आकडा मर्यादेच्या किती पट, यावरून किती दिवस थांबायचं ते निघतं. आकडा चौपट असेल तर दोन वेळा निम्मा व्हायला हवा. तेवढे दिवस थांबून नवा नमुना, नवा रिपोर्ट. घड वेलीवर ठेवायला मर्यादा असते, मणी सुकतो, तडकतो, वजन घटतं, हे सगळं खरं आहे. निर्यातीच्या प्लॉटला हीच शिस्त लागते आणि लोक ती पाळतात.

माल पाण्याने धुऊन अंश जाईल ही आशा ठेवू नका. आंतरप्रवाही औषध सालीच्या आत असतं. बेदाणा करून टाकू, हा विचार तर त्याहून धोक्याचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वाळवताना काही औषधं तुटतात, पण जी टिकतात त्यांचा अंश वजन घटल्यामुळे तिपटी-चौपटीपर्यंत चढतो. तासगावच्या शेडवर जाणाऱ्या मालाची तपासणी उलट जास्त काटेकोर हवी.

आणि स्थानिक मार्केटला ढकलू नका. इथेच पूर्ण योजना टिकते किंवा कोसळते. ज्याचा प्लॉट फेल गेला त्याला दंड, बदनामी आणि वर मालाचं नुकसान एकट्याने सोसायला लावलं, तर पुढच्या वर्षी वही खोटी लिहिली जाईल, हे मी लिहून देतो. गटाने क्रेटमागे थोडी रक्कम बाजूला काढून निधी करावा. ज्याची वही प्रामाणिक आहे आणि तरी रिपोर्ट गेला, त्याच्या थांबण्याचं नुकसान त्यातून काही अंशी भरावं. ज्याने वही लपवली त्याला मात्र तो निधी नाही.

## घेणाऱ्याच्या बाजूने

केंद्रीय कृषी मंत्रालयाची राष्ट्रीय पातळीवरची रेसिड्यू तपासणी योजना २००५-०६ पासून चालते. २०१४-१५ मध्ये तपासलेल्या २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत अंश सापडले आणि २.६ टक्क्यांत ते मर्यादेच्या वर होते. म्हणजे घाबरून फळं-भाज्या बंद करण्यासारखी स्थिती नाही. पण १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यता नसलेली औषधं होती, आणि ही गोष्ट मला जास्त खटकते. ज्या पिकावर त्या औषधाची चाचणीच मान्य झालेली नाही, तिथे डोसही अंदाजाने आणि अंतरही अंदाजानेच ठरतं.

घरी फळ वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. धूळ आणि वरवरचा अंश जातो. साबण लावू नका. मण्यावरची पांढरट झाक बहुधा औषधाची नसते, ती द्राक्षाची स्वतःची मेणाची साय असते. ती शाबूत असेल तर फळाची हाताळणी कमी झाली, असं समजा. विक्रेत्याने ‘रेसिड्यू फ्री’ असा फलक लावलेला असेल तर कोणत्या प्लॉटचा, कोणत्या तारखेचा, किती औषधांचा रिपोर्ट आहे ते विचारा. रिपोर्टावरची तारीख काढणीच्या आधीची आणि त्याच हंगामाची हवी.

कायद्याने ग्राहकाच्या हातात दिलेला एक हक्क फारसा कोणी वापरत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणताही खरेदीदार विकत घेतलेला खाद्यपदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच: खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला पाठवणार आहे. फी खरेदीदाराने भरायची, आणि माल नियमात बसत नसल्याचं अहवालात आलं तर ती परत मिळते. कायद्याची पकड शेतकऱ्यावर येत नाही, कारण ‘प्राथमिक अन्ना’ची व्याख्या शेतकऱ्याच्या हातून माल निघाल्यावर सुरू होते. जबाबदारी व्यापारी, पॅकर आणि दुकानदार यांच्यावर येते. म्हणून त्यांनी माल उचलतानाच वही आणि रिपोर्ट मागावा, यात त्यांचाच बचाव आहे.

सोसायटीतल्या पंधरा-वीस कुटुंबांनी मिळून हंगामात एकदा असा नमुना पाठवला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार मोठी रक्कम येत नाही. पाठवताना तोच नियम: पाच घड, किमान दोन किलो, न धुतलेले, स्वच्छ पिशवीत, थंड ठेवून, बिलासह. बिलावर विक्रेत्याचा एफएसएसएआय परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहून घ्या, आणि अहवाल नियमाबाहेरचा आला तर त्याची प्रत जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे लेखी अर्जासोबत द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.